एप्रिल-मे आला की डायजेस्टर आंबतो: गॅस का पडतो आणि तो परत कसा आणायचा

तक्रार साधारण अशी असते. वर्षभर नीट चाललेला डायजेस्टर, म्हणजे गाळ आणि ओला कचरा हवेविना पचवून जळाऊ गॅस देणारी बंद टाकी, एप्रिलच्या मध्यावर बिघडतो. गॅसचा फुगा संध्याकाळपर्यंत भरत नाही. शेगडी पिवळी जळते, मध्येच विझते. आउटलेटच्या गाळाला नेहमीचा डांबरट वास जाऊन नाकात शिरणारा आंबूस वास येतो. पीएच बघावा तर 6.3, म्हणजे टाकी आम्लाकडे झुकलेली. मग कुणीतरी चुन्याच्या गोणी आणून ओततं, तीन-चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा घसरण. जूनमध्ये पाऊस लागला की तक्रार आपोआप मिटते, सगळे विसरतात आणि पुढच्या एप्रिलमध्ये तोच फोन येतो.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात, तुर्भे-महापेपासून रबाळ्यापर्यंत, एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा) गाळ आणि बाहेरचा ओला कचरा एकाच टाकीत पचवणाऱ्या छोट्या प्लांटवर हे मी वारंवार बघतो. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. वाशीच्या एपीएमसीत हापूसच्या पेट्यांची आवक वाढली की डागी, पिचलेला माल टेम्पोने निघतो. प्लांटवाल्याला तो फुकट मिळतो आणि फुकटचं इंधन कुणाला नको? हा माल डायजेस्टरसाठी खरंच चांगला आहे. बिघाड होतो तो हा माल किती आणि कोणत्या वेगाने दिला यामुळे.

तुमचा डायजेस्टर आत्ता, या आठवड्यात आंबलेला असेल तर आधी एवढं करा: फळांचा आणि हॉटेलचा कचरा पूर्ण बंद, गाळाचं फीड निम्म्यावर, ढवळणं चालू, चुना नाही. बाकीचं वाचून मग पुढचं ठरवा.

टाकीत नेमकं कोण काय खातं

सगळा घोळ इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आपण टाकीत टाकतो ते सूक्ष्मजीवांना तसंच्या तसं खाता येत नाही. गाळातले पेशींचे तुकडे, कागदाचा लगदा, पिष्टमय पदार्थ, चरबी हे सगळे मोठे रेणू. जिवाणू बाहेर विकरं सोडून ते फोडतात आणि त्यातून साखर, अमिनो आम्लं, मेदाम्लं सुटतात. ही पहिली पायरी, जलापघटन. दुसऱ्या पायरीवर आम्ल करणारे जिवाणू हे लहान रेणू खाऊन ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी बाष्पनशील आम्लं बाहेर टाकतात. प्लांटवर आपण ज्याला व्हीएफए म्हणतो ते हेच. तिसरी मंडळी प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक फोडून ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन करतात. चौथी आणि शेवटची मंडळी मेथेन करतात. ते जिवाणू नाहीतच, आर्किया नावाच्या वेगळ्या कुळातले आहेत. सांडपाण्याच्या गाळाच्या डायजेस्टरमध्ये साधारण 70 टक्के मेथेन ॲसिटिक आम्लातून येतो, उरलेला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडमधून.

आता वेग बघा. आम्ल करणारे काही तासांत दुप्पट होतात. ॲसिटिक खाऊन मेथेन करणाऱ्यांना दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. आम्ल करणारे पीएच 5.5 पर्यंत खाली गेला तरी कामं चालू ठेवतात, मेथेनवाल्यांना मात्र 6.8 ते 7.4 लागतो. म्हणजे पंगतीत वाढपी धावतोय आणि जेवणारा सावकाश घास घेतोय, अशी ही रचना आहे. वाढप्याचा वेग जेवणाऱ्याच्या वेगाला बांधलेला राहिला तरच पंगत नीट उठते.

तिसऱ्या मंडळींची अडचण आणखी नाजूक. प्रोपिऑनिक फोडायला त्यांना आजूबाजूचा हायड्रोजन जवळजवळ शून्यावर लागतो, वातावरणाच्या दाबाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. तो हायड्रोजन खाऊन संपवायचं काम मेथेनवाल्यांचं. ते मंदावले की हायड्रोजन साचतो, प्रोपिऑनिक फुटायचं थांबतं, आम्ल वाढतं, पीएच पडतो आणि मेथेनवाले आणखी मंदावतात. एकदा हे चक्र फिरायला लागलं की ते स्वतःहून थांबत नाही. म्हणूनच ‘थोडं थांबून बघू’ हा सल्ला इथे महाग पडतो.

आंब्यानेच का, शेणाने का नाही

शेण गाईच्या पोटातून एकदा पचूनच आलेलं असतं. सहज खाता येणारं तिने आधीच घेतलेलं असतं, म्हणून शेणाचा डायजेस्टर सहसा आंबत नाही आणि किलोमागे गॅसही कमी देतो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत आनंद कर्वे यांनी हाच मुद्दा उलटा धरला, शेणाऐवजी पिष्टमय आणि साखरेचा कचरा घालून छोटा घरगुती प्लांट केला आणि 2006 मध्ये त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. तिथेही खाणं मोजून देणं हाच सगळा कारभार आहे.

पिकलेल्या आंब्यातली साखर तर आधीच फुटलेली. पहिली पायरी वगळली जाते. सकाळी टाकलेला रस संध्याकाळपर्यंत आम्ल झालेला असतो.

दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. डायजेस्टरचा पीएच धरून ठेवते ती अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट. ती येते कुठून? प्रथिनांतून. प्रथिनं पचली की अमोनिया सुटतो, तो कार्बन डायऑक्साइडशी मिळून अमोनियम बायकार्बोनेट होतो. एक ग्रॅम नायट्रोजन सुटला की कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे 3.6 ग्रॅम अल्कलिनिटी तयार होते. गाळ म्हणजे मेलेल्या जिवाणूंचा ढीग, त्यात प्रथिनं भरपूर. आंब्यात साखर भरपूर, नायट्रोजन नगण्य. म्हणजे फळांचा टेम्पो एकीकडे आम्ल वाढवतो आणि दुसरीकडे आम्ल झेलणारी शिल्लक वाढवत नाही, उलट स्वतःच्या पाण्याने ती पातळ करतो.

टेम्पो मोजू नका, व्हीएस मोजा

गेटच्या वहीत ‘आंबा, 1 टेम्पो’ असं लिहिलेलं असतं. सूक्ष्मजीवांना टेम्पो कळत नाही. त्यांना कळतात ते उडून जाणारे घन पदार्थ, व्हीएस. नमुना 105 अंशांवर वाळवून वजन करायचा, मग 550 अंशांवर जाळून पुन्हा वजन. जे जळून गेलं ते खाणं, जी राख उरली ती माती.

एक उदाहरण मांडतो, आकडे हिशोबाला सोपे घेतलेत. टाकी 60 घनमीटर. रोजचा गाळ 3 घनमीटर, 4 टक्के घन पदार्थांचा. म्हणजे 120 किलो कोरडा माल, त्यातला 70 टक्के व्हीएस धरला तर 84 किलो. 84 भागिले 60, दर घनमीटरला रोज 1.4 किलो. आरामात पचेल. आता त्यात एक टन आंब्याचा कचरा घाला. 15 टक्के घन पदार्थ, त्यातला 90 टक्के व्हीएस, म्हणजे 135 किलो. एकूण 219 किलो, दर घनमीटरला 3.65. चांगलं ढवळलेला, 35-37 अंशांवर ठेवलेला, हळूहळू सवय लावलेला डायजेस्टर एवढा भार घेऊही शकेल. पण आपल्याकडचे बहुतेक छोटे डायजेस्टर गरम केले जात नाहीत, ढवळले जातात ते वेळ मिळेल तसे, आणि 1.4 वरून 3.65 वर ते एका सकाळीत नेले जातात. भारापेक्षा ही उडी जास्त घात करते.

फसवी गोष्ट म्हणजे पहिले एक-दोन दिवस गॅस वाढतो. ऑपरेटर खूश होतो, दुसरा टेम्पोही आत घेतो. वाढलेला तो गॅस बराचसा कार्बन डायऑक्साइड असतो. खात्री करायची तर 50 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये थोडं कॉस्टिक सोड्याचं द्रावण घ्या, हातमोजे आणि चष्मा घालून. त्यात 20 मिलिलिटर गॅस ओढा, तोंड बंद करून हलवा. कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि दट्ट्या आत सरकतो. 12-13 मिलिलिटर उरले तर मेथेन साधारण 60-65 टक्के, ठीक आहे. 10 च्या खाली गेले तर फीड त्याच दिवशी तोडा, पीएच कितीही चांगला दिसो.

पीएच मीटर उशिरा बोलतो

आम्ल वाढतं, अल्कलिनिटी ते झेलत झिजते, गॅसमधला मेथेन घटतो आणि सगळ्यात शेवटी पीएच पडतो. पीएच 6.5 दिसला याचा अर्थ शिल्लक संपली. त्यामुळे रोज फक्त पीएच लिहिणारी वही मला पुरेशी वाटत नाही.

त्याऐवजी आठवड्यातून दोनदा, आंब्याच्या दिवसांत रोज, आम्ल आणि अल्कलिनिटीचं गुणोत्तर काढा. महागडी लॅब लागत नाही. ब्युरेट, पीएच मीटर आणि 0.1 नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिड पुरेसं. डायजेस्टरमधला गाळ गाळून 20 मिलिलिटर निवळ पाणी घ्या. ढवळत थेंबथेंब ॲसिड सोडून पीएच 5.0 वर आणा, लागलेले मिलिलिटर लिहा. पुढे 4.4 पर्यंत जा, त्याचे मिलिलिटर वेगळे लिहा. पहिल्या आकड्याला 250 ने गुणलं की अल्कलिनिटी, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. दुसऱ्याला 1.66 ने गुणून त्यातून 0.15 वजा करा आणि 500 ने गुणा, की आम्लं.

पहिले 12 मिलिलिटर आणि दुसरा 1.0 लागला, तर अल्कलिनिटी 3000, आम्लं 755, गुणोत्तर 0.25. डायजेस्टर खुशाल आहे. पहिले 9 आणि दुसरे 2.2 लागले, तर 2250 आणि सुमारे 1750, गुणोत्तर 0.78. त्या क्षणी पीएच मीटर कदाचित 6.9 दाखवत असेल, पण टाकी आंबायच्या वाटेवर आहे. 0.3 ते 0.4 च्या वर जायला लागलं की फळं बंद, हा नियम मी पाळतो.

आंबलेल्या टाकीला परत उभं करणं

औषधापेक्षा उपास उपयोगी. फीड तोडलं की आम्ल करणाऱ्यांचा कच्चा माल संपतो आणि मागे राहिलेले मेथेनवाले साचलेलं आम्ल सावकाश खात राहतात. आउटलेटही त्या प्रमाणात बंद राहतं, म्हणजे उरलेले मेथेनवाले वाहून जात नाहीत. हे दुसरं महत्त्वाचं, कारण त्यांची संख्या वाढायला दिवस लागतात.

चुन्याबद्दल माझं मत ठाम आहे. पीएच 6.7-6.8 पर्यंत आला की पुढे घातलेला चुना कार्बन डायऑक्साइडशी मिळून कार्बोनेटचा साका होतो आणि तळाशी बसतो. अल्कलिनिटी वाढत नाही, टाकीची जागा खाल्ली जाते. शिवाय वरच्या जागेतला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने ओढला गेला की पक्क्या छताच्या टाकीत दाब उणे होतो, फटीतून हवा आत येते. मेथेन हवेत 5 ते 15 टक्के असला की ठिणगीला पेटतो.

घालायचाच तर खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. 60 घनमीटरच्या टाकीची अल्कलिनिटी लिटरमागे 1000 मिलिग्रॅमने वाढवायला सुमारे 100 किलो लागतो. पाण्यात विरघळवून तीन-चार दिवसांत विभागून द्या. धुण्याचा सोडा वेगळा, तो पीएच एकदम वर नेतो. आणि सोडा घातला म्हणून फीड चालू ठेवलं, तर सोडाही वाया आणि वेळही. दुसऱ्या एखाद्या निरोगी डायजेस्टरचा ताजा, पचलेला गाळ टँकरने आणून घातला तर सावरणं लवकर होतं. तो नसेल तर शेण चालतं, जिवंत मेथेनवाल्यांचं बियाणं म्हणून.

गुणोत्तर 0.3 च्या खाली आलं आणि मेथेन 60 टक्क्यांवर टिकला की गाळ निम्म्यावरून पूर्ण करा. फळं मात्र शेवटी, आणि रोजचा एकूण व्हीएस आठवड्याला 10-15 टक्क्यांपेक्षा जास्त न वाढवता. जे काही द्यायचं ते एकदम न देता दिवसातून चार-सहा वेळा विभागून द्या. रात्रपाळीला कंटाळा येतो हे मान्य, पण टायमरवरचा साधा फीड पंप हे काम करतो.

पेंढा, फिनेल, पातळ गाळ

हापूसच्या पेटीत पेंढा असतो. कचरा उतरवताना तो वेगळा काढला नाही तर तो पचत नाही, कारण त्यातलं लिग्निन हवेशिवाय जवळजवळ फुटतच नाही. पेंढा वर तरंगतो, त्यात चरबी आणि साली अडकतात आणि साय धरते. गॅस त्याखाली कोंडतो. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो: साय फोडायला किंवा इनलेट मोकळा करायला माणूस टाकीत उतरवू नका, ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वासच येईनासा होतो आणि माणूस आरडाओरडा करण्याआधी पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. काम बाहेरून, लांब दांड्याने किंवा जेटिंगच्या गाडीने होईल तेवढंच करायचं. उरलेल्यासाठी टाकी रिकामी करून, हवा खेळवून, गॅस मोजून, तरबेज माणसांच्या देखरेखीत.

आंबा बंद असूनही आंबट होत असेल तर इतर कारणं बघा. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत एसटीपीच्या आधीच्या गटारात टाकी धुतलेलं हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) किंवा सफाईचं फिनेल भसाभस जातं. ज्या दिवशी सोसायटीच्या टाक्या धुतात ती तारीख आणि गॅस पडल्याची तारीख शेजारी लिहून बघा. खाडीकाठच्या जुन्या गटारांत उधाणाला खारं पाणी शिरतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 2700 मिलिग्रॅम सल्फेट असतं. सल्फेटवर जगणारे जिवाणू मेथेनवाल्यांच्याच ताटातलं खातात आणि मेथेनऐवजी हायड्रोजन सल्फाइड देतात. गॅसला सडक्या अंड्याचा वास आणि बर्नर गंजलेला, असं असेल तर इकडे संशय घ्या.

पीएच उत्तम, गुणोत्तर 0.15, तरी गॅस कमीच, ही तक्रार वेगळी. ती उपासमारीची आहे. नवी मुंबईतल्या मोठ्या एसटीपी एसबीआर पद्धतीच्या (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणं आणि निवळू देणं) आहेत, संकुलांतल्या बऱ्याच लांब वायुवीजनाच्या, म्हणजे खूप वेळ हवा देणाऱ्या. त्यात पहिला ताजा गाळ, म्हणजे हवा देण्याआधी नुसता खाली बसणारा, वेगळा निघत नाही. जो निघतो तो जिवाणूंचाच, हवेच्या टाकीत आधीच स्वतःला खाऊन झालेला आणि घट्ट पेशीभित्तिकांचा. त्यातून पहिल्या गाळाइतका गॅस मिळणार नाही, कितीही ढवळा. अशा डायजेस्टरला मोजका फळांचा कचरा हा खरा आधार आहे, आणि तो बंद करा असं मी म्हणत नाही ते यामुळेच. हॉटेलची चरबी तर किलोमागे साखरेच्या दुपटीहून जास्त मेथेन देते, पण तिची लांब मेदाम्लं सूक्ष्मजीवांवर थर धरतात, म्हणून ती आणखी जपून.

गाळ पातळ येत असेल तर तोही बिघाडच. 4 टक्क्यांचा गाळ 3 घनमीटर गेला तर 60 घनमीटरच्या टाकीत मुक्काम 20 दिवस. तेवढाच माल 2 टक्क्यांचा झाला तर 6 घनमीटर जातो आणि मुक्काम 10 दिवसांवर येतो. मेथेनवाले वाढण्याआधीच वाहून जातात. थिकनर (गाळ घट्ट करणारी टाकी किंवा यंत्र) नीट चालवा, आणि जुलैच्या पावसात इनलेट चेंबरवर झाकण आहे का ते बघा.

पुढच्या हंगामाची तयारी

मार्चच्या पहिल्या आठवड्यातच गुणोत्तर काढायला लागा आणि फळांना एक छोटी वेगळी टाकी द्या. फळं आधी तिथे दळून एक-दोन दिवस ठेवायची, आम्ल तिथेच होऊ द्यायचं, आणि मुख्य डायजेस्टरला तो रस मोजून पंपाने द्यायचा. आम्ल आणि मेथेन वेगळे केले की वेग आपल्या हातात येतो. भाभा अणु संशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ प्लांटमध्येही कचरा आधी हवेच्या, गरम टाकीत फुटतो आणि मगच मेथेनच्या टाकीत जातो. टेम्पोवाल्याला कोटा आधीच सांगा: टनांत, रोजचा, आणि त्या दिवशीच्या गुणोत्तरावर अवलंबून. जास्त माल आलाच तर तो कंपोस्टला वळवायची जागा हंगामाआधी ठरलेली हवी, कारण गेटवर उभा असलेला भरलेला टेम्पो परत पाठवणं रात्रपाळीच्या ऑपरेटरला कधीच जमत नाही. आणि हंगाम संपताना फळं एका दिवसात तोडू नका, दोन-तीन आठवड्यांत उतरवत न्या, म्हणजे वाढलेले मेथेनवाले उपाशी मरत नाहीत आणि श्रावण-भाद्रपदात हॉटेलांचा आणि सणांचा कचरा वाढेल तेव्हा तेच कामाला येतात.